मसूर स्टेशनावर दीड तास

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे पाच वाजता आमच्या विहारातले आम्ही अकरा जण भाड्याच्या गाडीत दाटीवाटीने बसलो आणि पिंपरीहून साताऱ्याच्या वाटेला लागलो. धम्मसहल म्हटली की आपली ठिकाणे ठरलेली असतात. कार्ले, भाजे, वेरूळ, अजिंठा. पैसे साठले तर नागपूरची दीक्षाभूमी. आणखी साठले तर बुद्धगया, सारनाथ. या वेळी मात्र आम्ही जिथे निघालो होतो तिथे लेणे नाही, स्तूप नाही. आहे ते एक रेल्वे स्टेशन. सातारा जिल्ह्यातले मसूर.

शेजारच्या बायकांनी आमच्या मंडळींना विचारले, "मसूरला कोण आहे तुमचं?" आमच्यातल्या माई म्हणाल्या, "एक लहान मुलगा आहे. नऊ वर्षांचा. त्याला भेटायला चाललोय."

माईंनी हे गमतीने म्हटले, पण ते खरे होते.

निमित्त पाण्याचे

या सहलीचे निमित्त आमच्यातल्या आप्पांच्या घरी घडले. आप्पा म्हणजे तीस वर्षे लेथ मशीनवर उभे राहून निवृत्त झालेला शांत माणूस. दारू नाही, तंबाखू नाही. विहारात सतरंज्या घालायला सर्वांत आधी आणि उचलायला सर्वांत शेवटी तेच असतात. त्यांचा आठ वर्षांचा नातू एके दिवशी पाण्याने भरलेली कळशी उचलून मोरीकडून स्वयंपाकघरात नेत होता. कळशी हातातून निसटली. पाणी घरभर झाले. त्या दिवशी नळाला पाणी होते, वरची टाकी भरलेली होती. फडके फिरवले असते तर काम संपले असते. पण आप्पा ताडकन उठले आणि त्यांनी पोराच्या कानशिलात अशी लगावली की गालावर चार बोटे उमटली. पोरगे रडायचेसुद्धा विसरले. आप्पा मोरीत जाऊन बसले. सूनबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी ध्यानवर्ग संपल्यावर आप्पा खाली मान घालून म्हणाले, "हात माझाच होता. पण मारलं कुणी, तेच मला कळेना."

आमचा ध्यानवर्ग एक ताई घेतात. त्या शाळेत शिक्षिका आहेत. त्या आनापानसती आणि मैत्रीभावना अशी दोन ध्याने शिकवतात. मैत्रीभावनेच्या पाच पायऱ्या वाचकांपैकी अनेकांना माहीत असतील. आधी स्वतःविषयी मैत्री, मग जिवलग मित्राविषयी, मग ज्याच्याविषयी प्रेमही नाही आणि रागही नाही अशा माणसाविषयी, मग ज्याच्याशी आपले जमत नाही त्याच्याविषयी आणि शेवटी सर्व प्राणिमात्रांविषयी. आम्हां सर्वांना वाटायचे की चौथी पायरी सर्वांत अवघड असणार. अनुभव उलटा आला. पहिलीच पायरी जमेना. आप्पा म्हणायचे, "दुसऱ्याचं भलं चिंतायला येतं हो. स्वतःचं चिंतायला बसलं की मन कोरडं पडतं." माईंचेही तेच, आमचेही तेच. जन्मभर ज्यांना "तुमची लायकी काय" हेच ऐकवले गेले, त्यांनी डोळे मिटून एकदम "माझे कल्याण होवो" म्हणायचे म्हणजे ते ओठांवरच राहते.

तेव्हा ताईंनी आम्हांला भिक्खू थिक न्हात हान यांच्याविषयी सांगितले. युद्धाने होरपळलेल्या व्हिएतनामचे हे भिक्खू. २०२२ साली त्यांचे निधन झाले. मोठ्या माणसाच्या आत दुखावलेले एक लहान मूल असते, आणि आपण कामाच्या, रागाच्या, गोंगाटाच्या आड त्याला दडपून ठेवतो, असे ते शिकवीत. श्वासावर मन स्थिर करून स्वतःला पाच वर्षांचे मूल म्हणून पाहा, त्याच्याकडे करुणेने पाहा, असा त्यांचा साधा अभ्यास आहे. त्यानंतर आपल्या वडिलांना आणि आईलाही तसेच, पाच वर्षांचे मूल म्हणून पाहायचे. या विषयावरचे त्यांचे पुस्तक २०१० साली इंग्रजीत निघाले.

आमच्यात वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक तरुण आहे. तो लगेच उसळला. "ताई, जखम केली समाजाने आणि डोळे मिटून बरं व्हायचं आपण? बाबासाहेबांनी आपल्याला संघर्ष शिकवला. हे मन कुरवाळत बसणं म्हणजे चळवळ थंड करायचे धंदे आहेत." त्याचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नव्हते. आपल्या समाजात ध्यानाविषयी ही शंका जुनी आहे आणि ती रास्त आहे. दुःखाचे कारण फक्त माणसाच्या मनात आहे असे सांगून अन्याय करणाऱ्याला मोकळे सोडणारी शिकवण बाबासाहेबांच्या धम्मात बसत नाही.

ताई चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं, मग तूच सांग कसं करायचं."

पुढच्या रविवारी तो एक पातळशी पुस्तिका घेऊन आला. बाबासाहेबांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. "लहान मूलच बघायचं असेल, तर बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेलं मूल बघू," तो म्हणाला. त्याने पहिले प्रकरण मराठीत समजावून सांगितले. ऐकता ऐकता विहारात कुणी बोलेना. मग माईच म्हणाल्या, "हे मसूर लांब आहे का?"

साताऱ्यात

खंबाटकी ओलांडून आम्ही साताऱ्यात पोचलो तेव्हा ऊन चढू लागले होते. भाकऱ्या, ठेचा आणि पिठले बरोबर होते. पाण्याचे मोठे दोन कॅन घेतले होते. ते आप्पांनी स्वतः भरले होते आणि वाटभर स्वतःच्या पायांत धरून बसले होते.

राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलसमोर आम्ही उभे राहिलो. रविवार असल्याने शाळा बंद होती. याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेतल्या त्या मुलाविषयी आपण अभिमानाने बोलतो. त्या दिवशी फाटकाशी उभे असताना आम्ही दुसऱ्या गोष्टी आठवल्या. त्याचे गोणपाट वेगळे होते. वर्गाच्या कोपऱ्यात ते अंथरून त्यावर बसायचे, आणि शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नाही म्हणून संध्याकाळी घरी न्यायचे, सकाळी पुन्हा आणायचे. तहान लागली तर नळ स्वतः उघडायचा नाही. शिपायाने उघडला तर पाणी. शिपाई नसेल तर तसेच बसायचे.

आप्पांच्या नातवाने विचारले, "मग तो मुलगा शिपाई येईपर्यंत काय करायचा?"

कुणालाच उत्तर सुचले नाही. "वाट बघायचा," आप्पा म्हणाले.

तिथून आम्ही माता भीमाबाईंच्या स्मारकाला वंदन करायला गेलो. भीमाबाई १८९६ साली साताऱ्यातच वारल्या. चौदाव्या अपत्याला, म्हणजे भिवाला, तेव्हा पाच वर्षे झाली होती. पुढे आत्या मीराबाईंनी त्याला वाढवले. बाबासाहेबांनी या आत्याविषयी फार मायेने लिहिले आहे. त्या ठेंगण्या होत्या, पायांनी अधू होत्या, पण मनाने अतिशय प्रेमळ होत्या.

स्मारकाजवळ ताईंनी आम्हांला दहा मिनिटे नुसते बसायला सांगितले. मेत्तसुत्त आपण विहारात नेहमी म्हणतो. आई आपल्या एकुलत्या एक लेकराला जिवापलीकडे जपते तशी मैत्री सर्वांविषयी बाळगावी, असा दाखला त्यात आहे. "ही गाथा म्हणताना आपण नेहमी आईच्या जागी उभे राहतो," ताई म्हणाल्या. "आज लेकराच्या जागी बसून बघा. ज्याची आई पाचव्या वर्षी गेली त्या लेकराच्या जागी." माईंची आई त्या सहा वर्षांच्या असताना गेली होती. धाकट्या दोन भावंडांना सांभाळायला त्यांनी चौथीत शाळा सोडली आणि आज त्या चार घरची धुणीभांडी करतात. त्या बसल्या बसल्या हुंदके देऊ लागल्या. कुणी त्यांना गप्प केले नाही. ताईंनी फक्त जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला.

मसूर

उंब्रजला महामार्ग सोडला की मसूरचा रस्ता लागतो. भिवाची गाडी मसूरला संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचली होती, म्हणून आम्हीही पाचच्या आतबाहेर पोचायचे ठरवले होते. पुणे-मिरज मार्गावरचे हे लहानसे स्टेशन. एक गाडी आली, चार माणसे उतरली, गाडी गेली आणि सगळे पुन्हा सामसूम झाले. स्टेशनाबाहेर एका झाडाच्या सावलीत आम्ही सतरंजी अंथरली. येणाराजाणारा वळून बघत होता. लग्नाची पार्टी असावी असे एका म्हाताऱ्यांना वाटले.

मग त्या तरुणाने सगळ्यांना पुन्हा एकदा ती हकीगत सांगितली. ज्यांना ठाऊक नसेल त्या वाचकांसाठी, विशेषतः मुलांसाठी, ती इथे थोडक्यात देतो.

साल १९०१. सुभेदार रामजी खटाव तालुक्यात कॅशिअर होते. पुस्तकात त्या गावाचे नाव कोरेगाव असे आहे. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. रामजींनी पत्र पाठवून मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत बोलावले. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि दिवंगत बहिणीची मुले अशी मंडळी हरखून गेली. त्यांच्यापैकी कुणीही तोवर आगगाडी पाहिली नव्हती. नवे सदरे शिवले, जरीच्या टोप्या आणल्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. निघताना आत्या रडल्या. दहा मैलांवरच्या स्टेशनापर्यंत टांग्याने गेले. खाऊच्या पैशांतून प्रत्येकाने लेमोनेडची बाटली प्यायली. सुखाची परिसीमा ती.

मसूरला उतरले तर घ्यायला कुणी आलेले नाही. बाकीचे उतारू निघून गेले. वडील नाहीत, शिपाई नाही. बराच वेळ गेल्यावर स्टेशनमास्तर आला. चांगले कपडे घातलेली मुले पाहून त्याने चौकशी केली. तुम्ही कोण? आणि भिवाच्या तोंडून पटकन खरे निघून गेले की आम्ही महार आहोत. त्या माणसाचा चेहराच बदलला. तो पाठ फिरवून आत निघून गेला.

पुढे बैलगाडीवाले भाड्याने यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. साडेसहाला ती निघाली. वाटेत जेवायला थांबले, तर शेजारच्या ओहोळात शेणाचिखलाचे पाणी. डबा भरलेला, पण पिण्याला घोट नाही. रात्री एका टेकडीखाली टोलनाक्याच्या झोपडीपाशी त्यांनी पाणी मागितले. आपली जात कळू नये म्हणून मुसलमान असल्याचे सांगून, उर्दूत बोलून मागितले. तरी मिळाले नाही. उपाशी, तहानलेली मुले गाडीत आळीपाळीने जागी राहिली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती वडिलांजवळ पोचली. मुले येणार असल्याचे पत्र वेळेवर पोचले होते, पण नोकराने ते वडिलांना दिलेच नव्हते.

बाबासाहेबांनी हे लिहिले १९३५-३६ च्या सुमारास. पुस्तिका म्हणून पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली प्रसिद्ध केले. लिहिताना त्यांचे वय पंचेचाळिशीच्या घरात होते. परदेशातल्या मोठमोठ्या पदव्या झाल्या होत्या, गोलमेज परिषद झाली होती. तरी त्यांना सदऱ्याचे, टोपीचे, लेमोनेडच्या बाटलीचे सगळे बारकावे आठवत होते. त्या प्रसंगाने आपल्या मनावर कायमचा ठसा उमटवला हे त्यांनी लपवले नाही. आपल्या हातून बोलायला नको ते बोलले गेले, असेही त्यांनी लिहिले नाही. त्या मुलाला त्यांनी दोष दिला नाही.

दीड तास

"पाच ते साडेसहा ती मुलं इथं बसून होती," ताई म्हणाल्या. "तेवढा वेळ आपण त्यांच्याबरोबर बसू."

सुरुवातीला वीस मिनिटे श्वास. आत येणारा श्वास, बाहेर जाणारा श्वास, बस्. ज्यांना मांडी घालून बसवत नव्हते ते गाडीतल्या उशा घेऊन, कुणी झाडाला टेकून बसले. मग ताईंनी त्या मुलाला डोळ्यांसमोर आणायला सांगितले. नवा सदरा, जरीची टोपी, आणि तो एकच प्रश्न, आता आपल्याला कोण नेणार? ताई म्हणाल्या, "त्याला काही शिकवू नका. तू पुढं फार मोठा होणार आहेस, असंही सांगू नका. त्याला ते माहीत नाही. त्याला आत्ता तहान लागली आहे. त्याच्या शेजारी बसा." आम्ही बसलो. भिवाविषयी मैत्री चिंतायला कुणालाच अडचण आली नाही. ज्यांचे मन कोरडे पडायचे त्यांचेही भरून आले.

मग बऱ्याच वेळाने ताई हलकेच म्हणाल्या, "आता त्याच बाकावर त्याच्या शेजारी आणखी एक मूल येऊन बसलं आहे. ते तुम्ही आहात. किती वर्षांचे आहात? अंगावर काय आहे? कशाची वाट बघताय?"

खरे सांगायचे तर सगळ्यांनाच काही दिसले असे नाही. एकाला झोप लागली. एकीला सारखी घरच्या गॅसची काळजी वाटत राहिली. आम्हांला दिसले ते एक फुटकी पाटी घेतलेले पोर. ते आमच्याकडे बघायलाच तयार नव्हते. ताई म्हणाल्या होत्या की ओढाताण करू नका, नाही बघितले तर नाही बघितले, तुम्ही तिथेच आहात एवढे त्याला कळू द्या. तसे करता करता किती वेळ गेला कळले नाही. शेवटी ते पोर सरकून जवळ आले. एवढेच झाले.

साडेसहाला ताईंनी घंटी वाजवली.

आप्पा उठले नाहीत. थोड्या वेळाने ते बोलू लागले. १९७२ चा दुष्काळ. आप्पा आठ वर्षांचे. आईबाप खडी फोडायच्या कामावर. घरात मिलोची लाल ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी. गावच्या विहिरीवर आपल्या लोकांनी चढायचे नाही. खाली घागर ठेवून बसायचे आणि कुणाला दया आली तर वरून ओतेल ते घ्यायचे. त्या दिवशी आप्पा सकाळपासून बसले होते. दुपारी एका बाईने घागर भरून दिली. ती घेऊन वस्तीच्या तोंडाशी आले आणि ठेच लागून घागर पडली. सगळे पाणी मातीत गेले. आई कामावरून आली होती. तिने काही न विचारता त्यांना मारले, आणि मग तीच मातीत बसून रडू लागली.

"पन्नास वर्षं झाली," आप्पा म्हणाले. "मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या कारभारणीलासुद्धा नाही. मला वाटायचं, माझीच चूक. मीच घागर सांडली." मग जरा थांबून म्हणाले, "आज पहिल्यांदा आईचं तोंड दिसलं. ती पंचविशीची पोर होती हो. सकाळपासून खडी फोडून आलेली, तहानलेली. तिनं मला नव्हतं मारलं. तिचा हात विहिरीवर पोचत नव्हता, म्हणून तो माझ्यावर पडला."

नातू जवळच खडे जमवत होता. आप्पांनी त्याला हाक मारली. सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "बाळा, त्या दिवशी कळशी सांडली तेव्हा मी तुला मारलं. माझं चुकलं."

पोराने एकदा आजोबांकडे, एकदा आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आजोबा, कळशी जड होती."

"होय रे," आप्पा म्हणाले. "माझीपण जड होती."

त्या तरुणाची शंका

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. गाडीत बहुतेक जण झोपले. तो वकिलीचा तरुण जागा होता. ताईंना म्हणाला, "मला अजून सगळं पटलेलं नाही. आप्पा बरे झाले, पण ती विहीर?"

या प्रश्नावर आम्ही पुण्यापर्यंत बोलत होतो. त्यातून आम्हांला जे उमगले ते असे. ध्यान हे विहिरीचे उत्तर नाही. विहिरीचे उत्तर बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला दिले. मसूरच्या वाटेवर तहानेने व्याकुळ झालेला मुलगा सव्वीस वर्षांनी हजारो माणसे बरोबर घेऊन चवदार तळ्यावर गेला आणि ओंजळीने पाणी प्याला. आपली तहान ही आपली लाज आहे असे मानून त्याने ती गाडून टाकली असती, तर तो इतरांची तहान इतकी ओळखू शकला असता का? लाज त्या मुलाची नव्हती. ती पाणी नाकारणाऱ्यांची होती. हा निवाडा मनात झाला की माणूस ताठ उभा राहतो. तो झाला नाही तर राग जायचा तिथे जात नाही. तो बायकोवर जातो, पोरांवर जातो, गुत्त्यावर जातो. आपल्या वस्त्यांमध्ये हे आपण रोज बघतो. म्हणजे आतल्या लेकराकडे पाहणे आणि अन्यायाशी लढणे ही एकमेकांची उलट कामे नाहीत. मात्र एकाच्या जागी दुसरे चालत नाही. जिथे गुन्हा आहे तिथे पोलीस ठाणे आणि कोर्टच हवे. तिथे मैत्रीभावना सांगणारा माणूस धम्म सांगत नाही.

कुणी विचारील की आतले मूल म्हणजे आत्माच झाला की. तसे नाही. आपल्या धम्मात आत्म्याला जागा नाही. आत कुणी छोटा माणूस बसलेला नाही. ते जुन्या प्रसंगांनी मनावर उमटलेले संस्कार आहेत. कारण घडले की उठतात, समजून घेतले की सैल होतात. त्यांना मूल म्हणायचे ते एवढ्यासाठी की मुलाशी कसे वागावे हे आपल्याला कळते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व जीवमात्रांपर्यंत पोचणारी, असा भेद सांगितला आहे. सर्व जीवमात्रांत आपण स्वतःही आलोच.

चाकणचा उजेड दिसण्याआधी, पिंपरीत शिरता शिरता तो तरुण एकदम म्हणाला, "शाळेत एक सर वर्गात म्हणायचे, स्कॉलरशिपवाले उभे राहा. मी उभा राहायचो. सगळे हसायचे. आज बाकावर तोच येऊन बसला होता." पुढे तो काही बोलला नाही. आम्हीही विचारले नाही.

घरी बसायचे असेल तर

ज्या वाचकांना हा अभ्यास घरी करून बघायचा असेल त्यांच्यासाठी ताईंनी सांगितलेल्या काही गोष्टी.

रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. पहाटे नळ यायच्या आधी किंवा रात्री सगळे निजल्यावर बसावे. खुर्चीवर बसले तरी चालते, पाठ ताठ असावी. पहिले काही दिवस फक्त श्वास पाहावा. मन स्थिर व्हायच्या आधी जुन्या आठवणींत उतरू नये. मग एखादा लहानसा प्रसंग घ्यावा. सर्वांत भयंकर प्रसंगाने सुरुवात करू नये. स्वतःचा लहानपणीचा फोटो असेल तर समोर ठेवावा. आपल्यापैकी अनेकांकडे असा फोटो नसतो. मग आपल्याच मुलाकडे, नातवाकडे बघावे. त्या वयाचे आपण केवढेसे होतो ते कळते. त्या मुलाला मनात म्हणावे, तू सुखी राहा, तू निर्भय राहा, तुझी चूक नव्हती. शब्द जमले नाहीत तर छातीवर हात ठेवून श्वास घ्यावा.

त्याच्यानंतर, काही आठवड्यांनी, आईवडिलांना लहान मूल म्हणून पाहावे. ज्यांना आईवडिलांकडून फार यातना झाल्या असतील त्यांनी ही पायरी उरकायची घाई करू नये. क्षमा करणे सक्तीचे नाही.

बसल्यावर छाती धडधडू लागली, घाम फुटला, भीती वाटू लागली तर डोळे उघडावेत, तळपाय जमिनीला टेकवावेत, पाणी प्यावे आणि त्या दिवशी थांबावे. झोप उडणे, सतत रडू येणे, जगणे नकोसे वाटणे असे होत असेल तर एकट्याने ध्यानाला न बसता डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. त्यावर मराठीतही बोलता येते. डॉक्टरकडे जाण्यात धम्माला कमीपणा नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, या अभ्यासाची परीक्षा आसनावर होत नाही. घरात दूध उतू गेल्यावर, पोराचे मार्क कमी आल्यावर, पाणी सांडल्यावर होते.

आप्पांच्या घरी परवा आम्ही चहाला गेलो होतो. मोरीशेजारी एक नवी कळशी दिसली, नेहमीच्या निम्म्या आकाराची. आप्पांनी ती नातवासाठी आणली आहे. तो आता रोज दोन खेपा करतो आणि थोडे पाणी सांडतोच. सूनबाई पुसून घेतात.

जयभीम.